तांबडं औषध आणि शालनचा कागद

चौतीस वर्षं मी लोकांच्या जखमा धुतल्या. आधी बारामतीत, नंतर इंदापूरला एका खासगी सर्जिकल दवाखान्यात, आणि तिथूनच तीन वर्षांपूर्वी घरी बसले. दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि डिग्र्या होत्या, पण खेड्यातून आलेला माणूस दारातूनच विचारायचा, "शिष्टर हायती का?" कारण उघड आहे. डॉक्टर टाके एकदाच घालतात, ड्रेसिंग पंधरा दिवस चालतं आणि ते माझ्याकडे असायचं. माझा हात हलका आणि तोंड फटकळ, असं सगळे म्हणायचे. दोन्ही खरं आहे.

ड्रेसिंगच्या खोलीत बसलं की माणसांचे नमुने बघायला मिळतात. बारामतीत असताना सोमेश्वरनगरकडचे एक तात्या यायचे. कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचे. चाकाखाली अंगठा सापडून सोलवटला होता. मी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली, तरी तात्या उठेनात.

"झालं की तात्या."

"चरचरलं न्हाय."

"बरं झालं की मग!"

"अवो, चरचरलं न्हाय तर औषध कसलं? पानीच म्हनायचं की ते. जरा इस्पिरिट तरी वता."

मी समजावलं, की जखमेला शिक्षा करायची नाही, तिला नुसती स्वच्छ करायची आहे. आग होते म्हणजे जंतू मरतात असं नाही, कधीकधी नवीन येणारं कोवळं मांसच मरतं. तात्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर आत तंबाखू आणि चुना. मी आकाशपाताळ एक केलं. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमी रागवा, पर काल लई बेस चरचरलं." त्यांचा अंगठा बरा व्हायला महिना लागला. तो चुन्यानं बरा झाला असं ते गावभर सांगत होते, हे मला नंतर कळलं.

तर औषधं. बाहेरच्या माणसाला वाटतं, जखमेला लावायचं ते सगळं एकच. तसं नाही. माझ्या टेबलावर इतर बाटल्या येत-जात राहिल्या, पण कायमची भांडणारी दोनच. एक पोव्हिडोन आयोडीन, ज्याला आपल्याकडे सगळे तांबडं औषध म्हणतात. दुसरं क्लोरहेक्झिडीन. हे नाव घेताना आमच्या जुन्या आयाबाईंची जीभ अडकायची, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'दुसरं' म्हणायचो.

तांबड्याचा स्वभाव मोकळा. बॅक्टेरिया, बुरशी, विषाणू, समोर येईल त्याला ते मारतं. पण त्याला घाई चालत नाही. लावलं की दोनेक मिनिटं सुकू द्यावं लागतं, आणि रक्त-पू साचलेला असला की त्याचा जोर ओसरतो. म्हणून आधी धुवायचं, मग लावायचं. पातळ करून ते डोळ्याच्या ऑपरेशनलाही वापरतात. मात्र तान्ह्या बाळाला पुन्हा पुन्हा फासायचं नाही, थायरॉइडवाल्याला आणि मोठ्या भाजलेल्या माणसाला जपून, कारण कातडीतून आयोडीन आत शिरतं. आणि डाग पडतो. चादर, गाऊन, माझी बोटं, काही सुटत नाही.

दुसरं औषध कामाला चलाख. पटकन मारतं आणि कातडीला चिकटून तासन् तास राखण करतं. तांबडं पुसलं की त्याचं काम बरंचसं संपलं, याचं पुसल्यावरही चालू राहतं. ऑपरेशनआधी कातडीला लावायला मोठमोठे सर्जन आता हेच पसंत करतात, आणि त्यांचं चूक नाही. पण याची पथ्यंही कडक. डोळ्यात जाता कामा नये, कानाच्या आत नको, मेंदू-मणक्याच्या जवळ नको. साबणाशी याचं जमत नाही, अंगावर साबण राहिला तर काम करेनासं होतं. स्पिरिटमधलं असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय ऑपरेशनमधलं कापायचं-जाळायचं विजेचं यंत्र लावायचं नाही, पेट घेईल. आणि त्याचे वेष अनेक. हात धुवायच्या पिवळसर द्रावणात ते असतं, पाण्यासारख्या स्पिरिटमध्ये असतं, दाताच्या गुलाबी गुळण्यांत असतं. डाग मात्र कुठंच सोडत नाही.

माझी चूक या शेवटच्या वाक्यात आहे. आता शालनचं सांगते.

शालन नरसिंहपूरच्या वाटेवरच्या एका गावातली. घरची पेरूची बाग, थोडी भाजी, दोन म्हशी. पहिल्यांदा आली तेव्हा चाळिशीची असेल. कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, डाव्या हाताची करंगळी पेरापासून गेली होती. आमच्या भागात कडबाकुट्टीनं घेतलेल्या बोटांची मोजदाद कुणी केली नाही. तिचे मालक, म्हणजे नवरा, हात फडक्यात गुंडाळून तिला घेऊन आले होते. बापूराव त्यांचं नाव, भित्रा माणूस, बाहेर बाकावर बसून राहिले.

मी जखम धुवायला घेतली. पहिल्यांदा पिवळसर द्रावणानं भरपूर धुतलं, मग तांबडं लावलं. आमच्याकडची रीतच तशी होती. शालन चुळबुळ करत होती, काहीतरी बोलत होती. बाहेर सहा पेशंट थांबलेले. मी तिच्याकडे बघितलंही नाही. तांबडं लावून कापूस ठेवते तोवर तिच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि ती म्हणाली, "शिष्टर, दम कोंडतोय." पुढची वीस मिनिटं मला आजही आठवायला आवडत नाहीत. आमचे मोठे डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. तासाभरानं ती उठून बसली आणि चहा मागितला.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं सिस्टर?"

हातावर बघितलं तर मनगटापर्यंत तांबडं. मी म्हणाले, "आयोडीननं."

डॉक्टरांनी मान हलवली. विषय संपला. तिच्या केसपेपरवर मी लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं: आयोडीन चालत नाही. वेगळ्या कागदावरही लिहून दिलं, खाली माझी सही. शालनला दम भरला, "कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी आधी हा कागद दाखवायचा. विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे." आपण फार नेटकं काम केलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं गेली. मोठे डॉक्टर थकले, त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आला. त्याला सगळे धाकटे डॉक्टर म्हणत. हुशार, हाताला चपळ, जरा तापट. त्यानं आल्या आल्या ऑपरेशन थिएटरमधलं तांबडं मागं सारलं आणि 'दुसरं' पुढं आणलं. आमची वादावादी व्हायची. तो म्हणायचा, "सिस्टर, तुमचं तांबडं प्रेम पुरे आता." मी म्हणायचे, "साहेब, सून आली म्हणून सासूला घराबाहेर काढत नाहीत." पण टाके पिकणं कमी झालं हे मला दिसत होतं, तेव्हा मी गप्प बसले.

माझ्या निवृत्तीला सातआठ महिने राहिले असतील. एके दिवशी दुपारी बापूराव शालनला गाडीतून घेऊन आले. बेंबीचा हर्निया कधीपासूनचा होता, अंगावर काढलेला. सकाळपासून तो अडकला होता. उलट्या, पोट टणक, गाठीवरची कातडी लालसर. धाकट्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, "आतडं सापडलंय. लगेच घ्यायला हवं, नाहीतर काळं पडेल." आतडं काळं पडलं की ते कापावं लागतं, आणि त्याहून उशीर झाला की माणूस जातं. पुण्याला पाठवायला वेळ नव्हता. भूल देणाऱ्या मॅडम बारामतीहून निघाल्या.

मी शालनला तयार करायला घेतलं. बांगड्या, जोडवी, नथ काढून बापूरावांच्या हातात दिली. नेहमीचा प्रश्न विचारला, कुठलं औषध चालत नाही का. शालननं बोलायच्या आधी बापूरावांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. माझाच कागद. त्याला प्लास्टिकचं आवरण करून घेतलेलं, लाल शाई जराशी फिकी झालेली.

"आयोडीन चालत न्हाय हिला," बापूराव अभिमानानं म्हणाले. "आमी लई पाळलंय शिष्टर. घरात पुड्यातलं मीठ बंद क्येलं. त्यात आयोडीन असतंय म्हनं. तवापासनं समदं घर खडेमीठ खातंय."

मी कपाळावर हात मारला. "अहो बापूराव, मिठाचा याच्याशी काय संबंध? मी मीठ बंद करा म्हटलं होतं का?"

"तुमी कशाला म्हनताय, आमालाच कळाय पायजे न्हवं."

एवढ्या दुखण्यातही शालन हसली. मला हसू आलं नाही. दहा वर्षं एका घराचं मीठ माझ्या एका ओळीनं बदललं होतं. मी बसले तिच्याजवळ आणि सहज विचारलं, "त्या वेळेसारखं परत कधी झालं का गं? अंगावर गांधी, ओठ सुजणं?"

"येकदा झालं. मागल्या साली. दाढ काढली तवा डागदरनं गुळण्याचं औषध दिलं हुतं. येक गुळणी क्येली आन् त्वांड ह्ये येवढं झालं. त्यात बी आयोडीन असल, म्हून टाकून दिलं."

"कागद आहे का त्याचा?"

बापूरावांच्या पिशवीत काय नव्हतं? सोसायटीची पावती होती, रेशनकार्ड होतं, म्हशीच्या विम्याचे कागद होते, आणि दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठीही होती. मी चष्मा लावून वाचलं. गुळण्यांचं औषध: क्लोरहेक्झिडीन. आयोडीनचा त्यात मागमूस नव्हता.

मी शालनचा हात धरला, तोच करंगळी नसलेला. "शालन, नीट आठव. त्या दिवशी मी हात धूत होते. खाज कधी सुटली?"

"तुमी धूत हुता तवाच की."

"तांबडं लावायच्या आधी?"

"आदीच. हात नुसता पेटला हुता खाजंनं. मी तवाच सांगत हुते तुमास्नी. तुमी म्हनला, गप बस, हलू नगंस."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती, एवढंच. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ज्याचा डाग दिसला त्याला मी गुन्हेगार ठरवलं, आणि खरा चोर धुऊन निघून गेला. आणि आता आत थिएटरमध्ये माझ्याच लाल शाईवर विश्वास ठेवून तेच औषध तिच्या उघड्या पोटाला लावायची तयारी चालली होती. अशी ॲलर्जी दर खेपेला वाढू शकते. पहिल्यांदा मोठे डॉक्टर धावत आले म्हणून ती वाचली होती, दुसऱ्यांदा गुळणी थुंकून टाकली म्हणून. भूल दिलेल्या माणसाला दम कोंडतोय हेसुद्धा सांगता येत नाही.

आत गेले तर धाकटे डॉक्टर हात धुऊन उभे, वाटीत पाण्यासारखं औषध ओतलेलं.

"साहेब, ते काढा. हिला तेच चालत नाही."

"सिस्टर, पेपरवर आयोडीन लिहिलंय. तुमच्याच अक्षरात आहे."

"माझंच चुकलंय."

"तुम्हाला आता, या घडीला आठवलं हे?" त्यांचा आवाज चढला. "आतडं अडकलंय तिचं. आयोडीन लावलं आणि खरंच काही झालं तर कोण जबाबदार? लेखी आहे हे!"

त्यांचं बोलणं रास्तच होतं. लेखी समोर होतं आणि तोंडी मी सांगत होते. मी चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि शालन जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. एवढ्यात भूलवाल्या मॅडम आल्या. वयानं डॉक्टरांपेक्षा थोरल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन शालनला स्वतः दोन प्रश्न विचारले आणि परत येऊन म्हणाल्या, "सिस्टर बरोबर सांगतायत. त्या औषधाचा थेंबही या खोलीत नको. तांबडं घ्या. मी इंजेक्शनं भरून ठेवते."

शालन तांबड्याचं नाव ऐकून घाबरली, साहजिकच. दहा वर्षं तिला मीच भीती घातली होती. सलाईन चालू असताना तिच्या दंडावर थोडं तांबडं लावून ठेवलं. मॅडम म्हणाल्या, हा काही पक्का पुरावा नाही, पण तिला जरा धीर येईल. दंड जसाच्या तसा राहिला.

मग मी थिएटर झाडायला घेतलं म्हणा ना. वाटी गेली, बाटली गेली. डॉक्टरांनी ज्या द्रावणानं हात धुतले होते त्यातही तेच, म्हणून त्यांना पुन्हा तांबड्या साबणानं हात धुवायला लावले. त्यांनी नळ जोरात सोडला. सगळं झालं असं वाटलं. लघवीची नळी घालायची म्हणून थिएटरमधला ब्रदर जेलीची ट्यूब उघडत होता. माझं लक्ष गेलं आणि मी ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. बारीक अक्षरं होती. वाचलं: जेलीतही क्लोरहेक्झिडीन. तोवर हजारदा वापरली असेल ती ट्यूब, त्यावरची अक्षरं कधी वाचली नव्हती. साधी जेली शोधून आणली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मॉनिटरकडे बघायला लागल्या.

पोटाला तांबडं लावलं, दोन मिनिटं सुकू दिलं. ती दोन मिनिटं मी तिच्या मानेवरची नजर हलवली नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं. आतडं जांभळं पडलं होतं. गरम सलाईनची ओली फडकी ठेवून आम्ही वाट बघत राहिलो. हळूहळू रंग पालटला, आतडं गुलाबी झालं आणि वळवळायला लागलं. कापायची गरज पडली नाही. मान साफ होती, गांधी नव्हत्या. डॉक्टर टाके घालताना खाली मान घालून म्हणाले, "सिस्टर, तुमचं तांबडं आलं बरं का परत कामाला." मी म्हणाले, "साहेब, तांब्यापितळेचा वाद नंतर घालू. आधी टाके घाला."

खरंच, त्या दिवसानंतर मी तांबड्याची बाजू घेऊन भांडायचं सोडलं. शालनला तांबडं तारक ठरलं, म्हणून दुसरं वाईट ठरत नाही. शंभर जणांना लावाल तर ते निमूट काम करेल. एखाद्यालाच ते चालत नाही, आणि तो एखादा कोण हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

टाके काढून झाल्यावर मॅडमनी शालनला पुण्याला तपासणीसाठी पाठवलं. तिथं कातडीवर पक्की चाचणी केली. क्लोरहेक्झिडीनची ॲलर्जी निघाली, आयोडीनची नाही. घरानं दहा वर्षं बिनआयोडीनचं मीठ खाल्लं होतं, तेव्हा सुनेची आणि नातवंडांची थायरॉइडची तपासणी करून घ्या म्हणून मीच बापूरावांच्या मागे लागले. नशीब, सगळं ठीक निघालं. नाहीतर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

रिपोर्ट घेऊन दोघं दवाखान्यात आली तेव्हा पेरूची पाटीच घेऊन आली. मी त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं, दार लोटलं. सांगायला जीभ उचलत नव्हती, पण सांगितलं. "शालन, दहा वर्षांपूर्वी मी चुकीचं लिहिलं. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. त्यापायी तुझा जीव गेला असता." मला रडू फुटलं. पेशंटसमोर आयुष्यात पहिल्यांदा.

बापूराव गडबडले. "ऱ्हाऊ द्या शिष्टर, चुकतंय मानसाचं. पेरू खावा."

मी जुन्या कागदावर आडवी रेघ मारली. नवीन कागद घेतला, त्यावर त्या औषधाचं नाव मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं, ते कशाकशात असतं तेही लिहिलं: हात धुवायचं द्रावण, गुळण्या, जेली, स्पिरिट. खाली सही करून कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. लिहिता-वाचता येत नसलेली बाई, अक्षरांवरनं हळू बोट फिरवत राहिली.

"शिष्टर," ती म्हणाली, "तवा तुमी लिवून दिलं, मी मानलं. आता दुसरं लिवून देताय, ह्ये बी मानते. पर येक सांगा. ह्या बारीला लिवायच्या आदी कुनाला इचारलं का?"

तिचा प्रश्न रास्त होता. मी डोळे पुसले.

"विचारलं," मी म्हणाले. "तुला विचारलं."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मग कागद घेतला.